आरशातले हात

पांढरा डबा भिंतीवरून उतरवायला नेटवाला स्टुलावर चढला, तेवढ्यात आई आली आणि तिने डब्यावर तळवा ठेवला. नेटवाल्याने बाबांकडे पाहिलं, बाबांनी लेकीकडे.

खरं तर मामला सकाळीच मिटला होता. इंटरनेटच्या दोन कंपन्यांनी आठवडाभर फुकट वापरायला आपापला डबा लावून दिला होता, एकीचा लाल, दुसरीचा पांढरा; दोन्हींचा नेटवाला एकच. लेक रोज फोनवर वेग मोजायची. लालचा आकडा पांढऱ्याच्या दुपटीहून मोठा यायचा. बाबांची सारी नोकरी घरोघरी विजेचे मीटर वाचण्यात गेलेली. आकडा दिसला की त्यांच्या लेखी वाद संपला. लाल ठेवायचा, पांढरा परत करायचा, असं चहा पिता पिता ठरलं. तेव्हा आई पाठमोरी भांडी विसळत होती. आईला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे तिची पाठ वळली की त्या घरात निर्णय भराभर होत.

लेकीने खुणांनी समजावलं: लाल चांगला, दुप्पट चांगला. आईने तळवा काढला नाही.

"का ते विचार तिला," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात बाबांची खुणांची भाषा जेवण, चहा आणि हरवलेली चावी यांच्यापलीकडे गेली नव्हती.

आई सांगू लागली, लेक ते तोंडाने बाबांपर्यंत पोचवू लागली. लाल डब्यावर व्हिडिओ फोन लावला की मावशी सगळ्याला हो म्हणते.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिलाही ऐकू येत नाही. दूरच्या शहरात एकटी राहते, आणि किती वाजले यावरही वाद घालते. म्हणून परवा आईने मुद्दाम थाप मारून पाहिली: आपल्या आईचं शिवणयंत्र मी भंगारात देऊन टाकलं. त्या यंत्रापायी दोघी बहिणी एकदा वर्षभर बोलल्या नव्हत्या. मावशीने गोड हसून मान डोलावली. आईला कळेना: बहीण रागावलीय, थकलीय, की तिचं आपल्यावरचं मनच उडालंय? मग काल चुकून पांढऱ्या डब्यावर फोन लागला, आणि मावशीने आईच्या नव्या चष्म्याला लगेच नावं ठेवली.

"अगं, पण लालवर ती स्वच्छ दिसते की," बाबा म्हणाले. त्यांनी लगेच लालवर फोन लावायला लावला. पडद्यावर मावशी आली, अगदी नाकावरच्या तिळासकट. बाबांनी विजयाने तिळावर बोट ठेवलं.

आईने कपाळावर हात मारला. मग तिचे हात सावकाश बोलले. "मला ती दिसते. तिला मी दिसते का?"

आठवडाभर सगळे आपल्याच बाजूचा पडदा पाहत होते.

आईने मावशीला खुणेने सांगितलं, आरसा आण. मावशीने हो हो म्हणून मान डोलावली आणि जागची हलली नाही. शेवटी लेकीने तेच लिहून पाठवलं. मावशी चष्मा वर-खाली करत ते वाचून उठली, गोल आरसा घेऊन आली आणि तो तिने आपल्या फोनसमोर धरला.

आरशात मावशीचा फोन दिसला. फोनमध्ये हे घर दिसलं, भिंत दिसली, आईचा चेहराही दिसला. आईने हात हलवले. मनगटाच्या पुढे नुसता धूर. बोटं नव्हतीच, ओल्या रंगावरून कुणी फडकं फिरवावं तसं काहीतरी इकडून तिकडे सरकत होतं.

बाबांचं बोट तिळावरून खाली आलं.

लेकीने आपल्या फोनवरची मोजणी पुन्हा उघडली. मोठ्या आकड्याखाली एक बारीक आकडा होता. वरचा घरात येणाऱ्या वेगाचा, खालचा घरातून बाहेर जाणाऱ्याचा. लालचा खालचा आकडा इवलासा होता, पांढऱ्याचा वरच्याइतकाच.

"खालचा कुणी विचारत नाही," नेटवाला स्टुलावरून म्हणाला.

"जन्मभर लोकांना सांगत आलो," बाबा पुटपुटले, "मीटर पूर्ण वाचावा."

लेकीने फोन पांढऱ्यावर घेऊन पुन्हा लावला. मावशीने आरसा धरलेलाच होता. आईने एक हात वर केला आणि बोटं एकेक करून उघडली. आरशात पाचही बोटं सुटी सुटी उमलली, करंगळीवरच्या भाजल्याच्या डागासकट. आईने ती मिटली, पुन्हा उघडली. पहिल्यांदाच आपले हात पाहत असल्यासारखी ती पाहत राहिली.

मावशी मोकळ्या हाताने घाईघाईने काही सांगत होती. लेकीने बाबांना सांगितलं, "तिला वाटत होतं तिचे डोळे चाललेत. म्हणून लपवत होती, नुसती हो हो म्हणत होती."

आईने डोळे पुसले. मग ताठ बसली, बाह्या सारल्या आणि परवाची थाप पहिल्यापासून सांगायला घेतली: आपल्या आईचं शिवणयंत्र मी...

आरसा बाजूला आपटला गेला. मावशीचे दोन्ही हात मोकळे झाले आणि पडदा भरून फिरू लागले. आईने मध्ये बोट घातलं, ते उडवलं गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा उडवलं गेलं. मावशीचे हात एकदा पडद्याच्या बाहेर जाऊन परत आले.

नेटवाला खाली उतरला, त्याने स्टूल उचललं आणि लाल डब्याखाली नेऊन ठेवलं.

"काय म्हणतेय ती?" बाबांनी विचारलं.

"आईला बोलूच देत नाहीये," लेक म्हणाली. आई हसता हसता खुर्चीतून घसरायला आली होती.