जांभळा रस्सा

ओसाकातल्या त्या कॅफेत, सगळ्यांनी लहानपणी पाहिलेल्या एका चेटकिणीच्या कार्टून सिनेमातले पदार्थ मिळायचे. सगळ्यात जास्त खपायचा तो तिचा जांभळा रस्सा. पडद्यावरचाच रंग उतरावा म्हणून स्वयंपाकघरातली नात्सुमे पहाटेपासून जांभळी रताळी किसत बसे. जरा फिका पडला, की मॅनेजर अख्खं पातेलं मोरीत ओतायला लावी. किसून किसून बिचारीची नखंसुद्धा जांभळी झाली होती.

आज एका आजींनी वाडगा पुढ्यात ओढला आणि नुसत्या बघत बसल्या. नात्सुमे लगबगीनं टेबलापाशी आली.

"रंग चुकला का हो, आजी?"

"नाही गं बाई, अगदी तोच उतरलाय. त्या सिनेमाची चित्रं रंगवायला मीच तर होते. रस्सा खरं तर तपकिरी करायचा होता."

"मग हा मेला जांभळा कुठून आला?"

आजींनी तिचा हात हातात घेतला, नखांवरून अंगठा फिरवला.

 

"न झोपता रंगवायचा सलग तिसरा दिवस होता गं. तुझ्यासारखीच दमले होते. जांभळ्या बाटलीत ब्रश कधी बुडाला, कळलंच नाही."