हिरवा ठिपका

पद्मनाभ गुडघाभर पाण्यात उभा होता आणि ऑफिसच्या लेखी तो त्याच क्षणी शहरात, महादेवपुऱ्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून काम करत होता. डोंगरातून येणारं ओढ्याचं पाणी इतकं गार होतं, की पायाची बोटं जागेवर आहेत ना, हे वाकून बघावं लागत होतं. त्याची बायको आसावरी समोरच्या खडकावर बसून संत्रं सोलत होती.

"घड्याळात बघू नकोस," ती म्हणाली. "आठव्यांदा बघतोयस."

"ठिपका पिवळा झाला असेल गं."

"होऊ दे. तू तर नाही ना झालास?"

तिला बोलायला काय जातंय! पद्मनाभच्या ऑफिसात प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका होता. लॅपटॉपला हात लागत राहिला की हिरवा, पाच मिनिटं लागला नाही की पिवळा. कोण किती वेळ हिरवा होता, याचा दर आठवड्याला रिपोर्ट निघायचा. आणि पद्मनाभला एक वाईट खोड होती. तो आधी विचार करायचा. वही-पेन्सिल घेऊन खिडकीशी बसायचा, तासभर रेघोट्या मारायचा आणि मग दहा मिनिटांत काम उरकून मोकळा व्हायचा. आठ महिन्यांत त्याच्या कामात एक चूक निघाली नव्हती. तरी नारळ द्यायच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर होतं, कारण ठिपक्याला कायमची कावीळ.

यादीतल्या माणसाने रजा कोणत्या तोंडाने मागायची? लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची ही सहल आधीच तीनदा रद्द झाली होती. चौथ्यांदा आसावरीने त्याला विचारलंच नाही. सकलेशपूरजवळ कॉफीच्या मळ्यातलं एक होमस्टे ठरवलं आणि बॅगा भरल्या. पद्मनाभने शुक्रवारचं काम गुरुवारीच संपवलं आणि घरून काम करतो असं कळवून लॅपटॉप बरोबर घेतला. होमस्टेत वायफाय होतं. ओढा मात्र तासभर खाली उतरून गेल्यावर लागायचा आणि तिथे फोनला रेंजसुद्धा नव्हती.

सकाळी तो जेवणघरात लॅपटॉपपुढे अडकून बसला होता. आसावरी बूट घालून दारात उभी. तेव्हा तिथे स्वयंपाक करणाऱ्या गंगव्वाने चौकशी केली. गंगव्वा निपाणीकडची, मराठी ऐकलं की खूश. पद्मनाभने तिला कंपनी, रिपोर्ट, यादी, सगळं समजावलं. तिने त्यातून नेमकं कामाचं तेवढं उचललं. हा माऊस हलत राहिला पाहिजे.

"एवढंच व्हय? तुमी जावा की ओ साहेब," ती म्हणाली. "माझा नातू दिसभर पाळण्यातच असतोय. त्येच्यासंगं ह्येबी हलंल."

तिने माऊस दोरीने पाळण्याच्या बुडाला असा बांधला, की झोका गेला की तो खालच्या चटईवर पुढे जायचा आणि झोका आला की मागे. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून ती बीन्स चिरायला बसली. पद्मनाभ दारातून तीनदा परत आला. तिन्ही वेळा ठिपका हिरवागार होता.

आणि आता आठव्यांदा घड्याळ बघून झाल्यावर त्याने ते काढलं आणि आसावरीच्या पिशवीत टाकलं. कपड्यांसकट पाण्यात बसला. आसावरीही उतरली. दोघांनी एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवलं, उगाच ओरडले, उगाच हसले. आपण सुखात आहोत, हे त्याला कित्येक महिन्यांनी कळलं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते होमस्टेवर परतले, तोच मॅनेजरचा फोन आला. मॅनेजर जितेंद्र मूळचा नागपूरचा. कामाचं हिंदीत सांगायचा, झापायचा मराठीत. आज मराठीत बोलला तरी आवाज गोड होता.

"अबे पद्मनाभ, नऊपासून आतापर्यंत एक मिनिट पिवळा नाही तू! जेवला तरी का? आठ महिन्यांत पहिल्यांदा मन लावून काम केलं. यादीतून तुझं नाव काढून टाकलं मी."

पद्मनाभला आधी हसू आलं आणि मग संताप आला. आठ महिन्यांची त्याची अक्कल एका तान्ह्या बाळाच्या झोक्यापुढे कमी पडली होती.

"तुझ्या जागी सुप्रीताचं नाव टाकून राहिलो," जितेंद्र म्हणाला. "आज दिवसभर पिवळी होती ती."

त्याच्या शेजारच्या टेबलावरची सुप्रीता आज दिवसभर ऑफिसात दोन नव्या मुलींना फळ्यावर काम शिकवणार होती. पद्मनाभला ते माहीत होतं. जितेंद्रलाही होतं. आसावरी समोर टॉवेलने केस पुसत होती. फोनमधलं सगळं तिला ऐकू येत होतं. तिचा हात थांबला.

पद्मनाभने डोळे मिटले. आता नोकरी गेलीच, असं धरून तो भडाभडा बोलून गेला, "जितेंद्र, मी आज कामच केलं नाही. मी ओढ्यात बसलो होतो. माऊस एका पाळण्याला बांधला होता. सुप्रीताचं नाव काढ आणि माझं परत टाक."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि केबिनचं दार आतून लागलं.

"तिचं काढतो. तुझंबी नाही टाकत," जितेंद्र अगदी हळू आवाजात म्हणाला. "फक्त एक सांग बे, माझा ठिपका वरचे लोक पाहतात. पाळणा लाकडाचाच लागते, का झोळीबी चालते?"