आबांचं कानाचं मशीन

शुक्रवारी नारपोलीत कापडाचे लूम बंद असतात. गल्ली एवढी गप्प पडते की आपलेच कान गेले की काय, असं वाटतं.

रुचिकाच्या आबांचे कान खरंच गेले होते, लूमवरच्या तीस वर्षांच्या ड्युटीत. तिनं त्यांना ब्लूटूथवालं कानाचं मशीन घेऊन दिलं. तिच्या लॅपटॉपला जोडलं की भजन थेट त्यांच्या कानात वाजायचं. पण आबा गल्लीच्या तोंडाशी गेले तरी जोडणी तुटायची.

गेल्या महिन्यात आबा वारले. रडारडीत मशीन कानातून काढायचं राहिलं आणि त्यांच्याबरोबरच जळालं.

आज दुपारी ती घरूनच, लॅपटॉपवर, आपल्या कामाच्या पडघ्याच्या गोडाऊनच्या मीटिंगला बसली होती. तिच्या साहेबांचे, श्रीनाथसरांचे ओठ हलत होते, पण आवाज येईना. आवाज जातोय कुठे, म्हणून तिनं पाहिलं.

स्क्रीनवर लिहिलं होतं, ‘आबा. जोडलेलं आहे.’

तिनं आवाज लॅपटॉपवर घेतला.

“रुचिका, लूमचा केवढा खडखडाट आहे तुझ्याकडे! तू अगदी लांबून बोलतेयस असं वाटतंय.”

“सर, आज लूम बंद आहेत.”

बोलता बोलता तिची नजर माइकच्या खुणेवर गेली. तिथेही ‘आबा’च होतं.

“हां, थांबला बघ खडखडाट,” सर म्हणाले. “पण तुझ्याजवळ कोण बसलंय?”

“कोणी नाही. का?”

“अगं, कधीपासून म्हणतायत, ‘रुचे, मोठ्यानं बोल. ऐकू न्हाय येत.’”