सारसाचा कोपरा

मुलगी ओमेश्वरी सरकारी शिष्यवृत्तीवर सारसांचा अभ्यास करायला इंग्लंडला गेली, तेव्हापासून बिसनलालच्या मागं एकच प्रश्न लागला होता. आज धानाचा रोवणा चालू असताना शेजारच्या छोटेलालनंही तोच काढला.

"सारस तुझ्या बांधीत बसला आहे, अन् पोरीले तिकडं कायले पाठवलं? सरकारचा पैसा पाण्यात."

बिसनलाल थकून शेताच्या धुऱ्यावर टेकला. सारसाच्या घरट्याचा कोपरा त्यानं यंदाही न रोवता सोडला होता. मादी अंड्यांवर बसून होती.

"तिकडंबी असेच पक्षी होते म्हणे. मारून मारून पार संपवले. आता शेकडो वर्सांनी परत आणून राहिले, कसं जमवलं, थे शिकून राहिली."

तो घरट्याकडं पाहत राहिला.

"आपले सारस सरायच्या अगोदर पोरगी येऊ दे म्हणजे झालं."