खळ्याचा वास

साहेब येणार म्हणून कमळाबाईने सकाळपासून खळं घासायला घेतलं होतं. शीव कोळीवाड्यातलं हे खळं तिच्या नावावर होतं आणि तिच्या सासूच्याही आधीपासून तिथे बोंबील आणि जवळा वाळत आला होता. आज तिथे एक शेपटी सापडेल तर शपथ! बोंबील टांगायचे बांबू सोडवून मागच्या गल्लीत उभे केले, जाळी माळ्यावर टाकली, ओली मासळी शेजारी जावेच्या अंगणात धाडली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून तीन बाटल्या फिनेल ओतलं.

"आई, पुरे की आता. डोळे चुरचुरायला लागले," सून नलू म्हणाली.

"लागू देत. मागच्या वेळचा तो मोजणीवाला आठवतो ना? नाकाला रुमाल लावून फाटकातूनच मागे फिरला. काय बोलला? असली घाण शहरात ठेवायचीच कशाला! घाण दिसली तर सरकार जागा घेणारच गं. आपण नीट राखतो हे दिसायला नको?"

नलूचा नवरा असता तर तो यावर बोलला असता. पण लवू सत्याग्रहात पकडला जाऊन महिनाभर तुरुंगात होता. जाण्याआधी त्याने खळ्याच्या भिंतीवर गेरूने हातभर अक्षरं काढली होती, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. सरकारी माणसाच्या डोळ्यांत नको सलायला म्हणून कमळाबाईने त्यावरही चुन्याचे दोन हात मारले.

"त्यांच्या हातची अक्षरं होती," नलू म्हणाली.

"आला की परत लिहील. जागाच गेली तर कुठल्या भिंतीवर लिहिणार?"

अकरा वाजता भूसंपादनाचे साहेब आले. बरोबर कारकून दत्ताराम, लालबागचा, गिरणी कामगाराचा मुलगा. साहेब सरळ खळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण रुमाल काही खिशातून बाहेर आला नाही. कमळाबाईने नलूला हळूच कोपर मारलं. बघ म्हणावं!

"वा!" साहेब म्हणाले. "इतकी स्वच्छ जागा मी या भागात पाहिली नाही, बाई."

कमळाबाई चक्क लाजली.

दत्तारामने पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही. "बाई, इथे काय काम चालतं तुमचं?" त्याने विचारलं. मग साहेबांकडे पाठ करून, डोळे मोठे करून पुन्हा विचारलं, "नीट आठवून सांगा ना. मासळी वगैरे वाळवता ना इथे?"

मेला पेचात धरतोय, कमळाबाईला वाटलं. "छे छे! वाळवण-बिळवण काही नाय हो इथं. बघा ना, काडी तरी दिसते का?"

नलूने तोंड उघडलं, तर सासूने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलंच. दत्तारामने एकदा दोघींकडे पाहिलं आणि खाली मान घालून लिहिलं. साहेबांनी कागद वाचून दाखवला. सदर जागा मोकळी व पडीक आहे, कोणताही वापर आढळला नाही, मालकिणीनेही तसेच सांगितले. कमळाबाईने समाधानाने अंगठा दिला. शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून तिने विचारलं, "मग साहेब, जागा आता आमच्याकडेच ना?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती.

"बाई, सरकारला वाटेल तशी कोणाची जागा घेता येत नाही. जागा वापरात असेल तर आधी तुमच्या हरकती ऐकाव्या लागतात. त्याला महिन्याची मुदत. तुम्ही वकील दिला असता, वर्ष-दोन वर्षं गेली असती. कदाचित घेताच आली नसती. पडीक जागेला मात्र ते बंधन नाही, आणि सरकारी गोदामाचं काम तातडीचं आहे. नोटीस लागली की पंधरा दिवसांत ताबा."

नलू धावतच मागच्या गल्लीत गेली आणि दोन बांबू फरफटत घेऊन आली. "हे बघा! आजच काढले हो साहेब! अजून बोंबलांची कातडी चिकटलीय. मासळी शेजारच्या अंगणात पडलीय, चला, दाखवते."

"मी शेजारचं अंगण पाहायला आलेलो नाही," साहेब म्हणाले. "आता इथे काही उभं केलंत तरी धरता येणार नाही. कागद झाला. आणि त्या स्वतः बोलल्या ना? तुमच्यासमोर."

कमळाबाई खळ्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसली आणि नखांनी जमीन उकरायला लागली. वरचा पोपडा निघाला, ओली काळी माती लागली. ती माती ओंजळीत भरून कमळाबाई साहेबांपुढे उभी राहिली.

"तीन पिढ्यांच्या मासळीचं पाणी मुरलंय हिच्यात. पडीक जमिनीला असा वास येतो का? तुमीच हुंगा, साहेब. आणि मग काय ते लिवा."

दत्तारामने पुन्हा पेन उघडलं. साहेब खरोखरच खाली वाकले. डोळे मिटून त्यांनी दोनदा लांब श्वास घेतला.

"फिनेल," साहेब म्हणाले.