एक कॅप्सूल कमी

औषधवाल्या ताईने पाकीट उलटं केलं, झटकलं, आत डोळा लावून पाहिलं. दोनच कॅप्सूल.

“आजी, आज तीन उरायला हव्या होत्या.”

स्टुलावर बसलेल्या आजींनी एक चप्पल काढून ठेवली होती. नसांचं दुखणं, पट्टा नुसता लागला तरी पाऊल निखाऱ्यावर ठेवल्यासारखं भाजायचं.

“माझीच मेली आठवण! सांडली असेल कुठेतरी.”

“सांडली म्हणून चालत नाही हो आता. पोरं नशेसाठी घ्यायला लागली ना या, तेव्हापासून एकेक मोजून घ्यायची. कमी भरली आणि कारण नसेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नवीन द्यायची नाही. आणि डॉक्टर गावाला गेलेत, आठ दिवस.”

दोन कॅप्सूल आणि आठ दिवस. आजींनी पाऊल हळूच दुसऱ्या पायामागे लपवलं.

आजींबरोबर आलेले आजोबा मघापासून खोकल्याच्या औषधाची जाहिरात वाचत होते, उद्या तिच्यावर पेपर असल्यासारखी.

“मी खाल्ली,” ते जाहिरातीलाच म्हणाले.

“तुम्ही? तुमचेही पाय दुखतात?”

“छे! घोड्यासारखे आहेत.”

“मग?”

“ही म्हणायची, ते औषध घेतलं की जमीन हलते. मी म्हणायचो, नाटकं. रोज म्हणायचो.” आजोबांनी घसा खाकरला. “मग एकदा म्हटलं, बघू तरी.”

“आणि?”

“हलते हो. भिंत धरधरून संडासापर्यंत गेलो.”

“अहो!” आजी कडाडल्या. “आणि मी दोन दिवस पलंगाखाली झाडू फिरवत होते!”

ताईने ओठ घट्ट मिटून हसू गिळलं, मग आजोबांना चांगलं झापलं. दुसऱ्याचं औषध खातात का कुणी? जिवावर बेतलं असतं म्हणजे? तिने डॉक्टरांना फोन लावला. तेही इतके ओरडले की दारापर्यंत ऐकू आलं. मग म्हणाले, द्या, पण सात-सात दिवसांच्याच.

ताईने रजिस्टर उघडून कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘बायकोला काय होतं ते कळावं म्हणून नवऱ्याने एक घेतली.’ आणि रजिस्टर आजींसमोर फिरवलं.

आजींनी चष्मा लावला.

“सही इथे, आजी.”

“थांब गं जरा. वाचतेय.”

त्या एका ओळीला आजींना बराच वेळ लागला.