दुपारी दोनची टकटक

निवृत्तांच्या त्या वसाहतीत उन्हाळ्यापुरता एक नियम होता. दुपारी दोनला, ऊन नुसती आग ओकत असताना, शेजाऱ्याने शेजाऱ्याची मधली भिंत वाजवायची. दोनदा वाजली तर सगळं ठीक, तीनदा वाजली तर लगेच या.

काकांची तब्येत तोळामासा, घराबाहेर पडणं बंद. म्हणून पलीकडचे मास्तर मंगळवारी उष्माघाताने गेले, हे काकूंनी त्यांच्या कानावर घातलंच नाही. पण मास्तरांचं उत्तर आल्याशिवाय काका पाण्याच्या ग्लासाला हात लावायचे नाहीत. मग रोज दोनच्या आत काकू "कपडे वाळत घालून येते" म्हणत निघायच्या, वसाहतीच्या ऑफिसातून किल्ली घ्यायच्या आणि मास्तरांच्या रिकाम्या घरात उभं राहून भिंत दोनदा वाजवायच्या.

आज ऑफिसलाच कुलूप. अर्धा तास वाट पाहून काकू हात हलवत परतल्या, तर काका कॉटवर उठून बसलेले, पायाने चपला चाचपत होते.

"अहो, पाणी प्यायलात का?"

"पाण्याचं राहू दे. आधी मास्तरांकडे जा. आज तीनदा वाजवलं त्यांनी."

काकूंनी मधल्या भिंतीकडे पाहिलं.

मंगळवारीही तीनदाच वाजलं होतं. काकांचा डोळा लागला होता. काकू टक्क जाग्या होत्या. एवढ्या उन्हात कोण उठतंय, असं म्हणून त्यांनी कूस बदलली होती.